ऑइलचा दिवा घालवणारी टूल्स: कामाची कोणती, शोभेची कोणती

ऑइल नवं, फिल्टर नवा, ड्रेन प्लगचा वॉशरसुद्धा नवा. आणि इग्निशन लावल्यावर मीटरमध्ये पान्याची खूण जशीच्या तशी. ऑइल बदललं हे गाडीला आपोआप कळत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्यासाठी बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो: फोनला जोडायचं छोटं डोंगल, हातात धरायचं स्क्रीनवालं टूल आणि लॅपटॉपला लावायची केबल. चौथी गोष्ट गाडीबरोबरच आलेली असते, ती म्हणजे मीटरवरचं ट्रिपचं बटण. त्याची जाहिरात करून कोणाचा फायदा नाही, म्हणून ते कोणाला आठवत नाही.

निकाल आधीच सांगायचा तर बहुतेक गाड्यांना या कामासाठी टूल लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यावर साधं कोड रीडर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं टूल, चालत नाही. आणि चालणारं टूल निवडताना खोक्यावरची गाड्यांची लांबलचक यादी वाचण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: आपल्या गाडीत ऑइलची मोजणी नेमकी कुठे ठेवलेली आहे? मीटरमध्ये, की इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, की दोन्हीकडे?

दिवा कोणता ते आधी बघा

चोचीतून थेंब गळणाऱ्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब गेला. इंजिन चालू असताना तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं. त्याला रिसेट नसतो आणि कोणत्याही टूलने तो घालवायचा नसतो. पिवळी बुधली बहुधा पातळीबद्दल बोलते. गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक बघायची. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच इंजिनांत साधारण एक लिटरचं असतं. या लेखातला दिवा तिसरा: पाना, 'सर्व्हिस', 'ऑइल लाइफ', 'मेंटेनन्स' असं काहीतरी लिहिलेला. हा आजार सांगत नाही, तारीख सांगतो.

आणि ती तारीखही बहुतेक गाड्या ऑइल न तपासता काढतात. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे निव्वळ अंतर. अमेरिकेतल्या अनेक टोयोटांवरचा मेंटेनन्सचा दिवा शेवटच्या रिसेटनंतर ४,५०० मैलांनी लुकलुकायला लागतो आणि ५,००० मैलांनी कायमचा लागतो. मध्ये ऑइल बदललं की नाही याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच मॉडेलांत तर अंतर आणि महिने मालकानेच मेन्यूत भरायचे असतात. जनरल मोटर्सची ऑइल लाइफ पद्धत जरा हुशार आहे: ती इंजिनाचे फेरे मोजते आणि तापमानाप्रमाणे त्यांना वजन देते, त्यामुळे थंड इंजिनावर आखूड फेऱ्या मारणाऱ्याचे टक्के भराभर उतरतात. पण हिशोब शेवटी हिशोबच. नवं ऑइल भरून रिसेट विसरलात तर ती शून्य टक्के दाखवेल. जुनंच ठेवून रिसेट केलंत तर काळ्याकुट्ट ऑइलला शंभर टक्के देऊन मोकळी होईल.

एक गैरसमज इथेच निकालात काढू. बॅटरीची वायर काढून ठेवली की हा दिवा जातो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जात नाही. मोजणी अशा मेमरीत असते जी वीज गेली तरी टिकते. जातात त्या भलत्याच गोष्टी: घड्याळ, रेडिओचं सेटिंग, काही गाड्यांत खिडक्यांच्या काचा एका दाबात वर जायची सोय. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं, असा तो उद्योग आहे.

फुकटचं बटण

टूलचा रिव्ह्यू करताना आधी याला गुण द्यावे लागतात, कारण जिथे ते चालतं तिथे कोणतंही विकतचं टूल त्याच्यापुढे महागच ठरतं.

जुन्या टोयोटांची रीत अशी. मीटरवर मॉडेलप्रमाणे ओडो किंवा ट्रिप ए आणायचं. इग्निशन बंद करायचं. बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून चावी ऑनवर न्यायची. इंजिन चालू करायचं नाही. आकड्यांच्या जागी आडव्या रेघा येतात, एकेक करून कमी होतात, मग सगळीकडे शून्यं आणि दिवा विझतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधी इग्निशन लावणं आणि मग बटण दाबणं. तसं केलं की फक्त ट्रिपमीटर शून्य होतो आणि माणूस समजतो की बटण बिघडलं. दुसरी चूक म्हणजे रेघा संपायच्या आत बोट उचलणं.

चावीऐवजी स्टार्ट बटण असलेल्या गाड्यांत घोडं अडतं ते 'इग्निशन ऑन' म्हणजे काय इथेच. ब्रेकवर किंवा क्लचवर पाय ठेवून बटण दाबलं की इंजिन सुरू होतं आणि पुढची सगळी कृती फुकट जाते. पाय बाजूला ठेवून बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला ॲक्सेसरी आणि दुसऱ्याला ऑन. मीटरमधले सगळे इशारादिवे लागले म्हणजे ऑन. आणि दारं नीट लावून घ्या. दार उघडं असल्याचा संदेश तोच छोटा स्क्रीन अडवून बसतो आणि हवा तो मेन्यू त्याच्यामागे राहतो.

होंडाच्या मेंटेनन्स माइंडरवर जरा थांबायला हवं, कारण इथे बटण दाबणं सोपं आहे आणि चूक महाग आहे. ऑइल लाइफ १५ टक्क्यांवर आलं की पाना दिसतो, त्याच्याबरोबर एक अक्षर आणि काही वेळा आकडे. ए म्हणजे नुसतं ऑइल. बी म्हणजे ऑइल, फिल्टर आणि ब्रेक वगैरेंची तपासणी. आकडे म्हणजे जोडीची कामं: १ टायर फिरवणं, २ एअर फिल्टर आणि त्याच्या आसपासची कामं, ३ गिअरबॉक्सचं ऑइल, ४ स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स, ५ कूलंट, ६ मागच्या डिफरन्शियलचं ऑइल, ७ ब्रेक फ्लुइड. समजा मीटरवर 'बी ३' आहे. गॅरेजने ऑइल आणि फिल्टर बदलला, गिअरबॉक्सला हातही लावला नाही. जुन्या मॉडेलांत ऑइल लाइफच्या पानावर जाऊन रिसेटचं बटण साधारण दहा सेकंद दाबलं की आकडे लुकलुकतात, सोडून पुन्हा पाचेक सेकंद दाबलं की १०० टक्के. पण त्याच झटक्यात तो ३ सुद्धा पुसला जातो. गिअरबॉक्सच्या ऑइलची आठवण गाडी आता पुढच्या चक्राशिवाय करणार नाही. नव्या मॉडेलांच्या मेन्यूत 'सगळी देय कामं' आणि एकेक काम असे वेगळे पर्याय असतात. तिथे जेवढं केलं तेवढंच पुसा. जुन्या मॉडेलवाल्यांनी बटण दाबायच्या आधी मीटरचा फोटो काढून ठेवावा.

पेडलांच्या रीती लोकांना गंमत वाटतात, पण त्या मॅन्युअलमध्ये छापलेल्या आहेत. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि पाच सेकंदांत ॲक्सिलरेटर तीन वेळा तळापर्यंत. क्रायस्लर, जीप, डॉजच्या बऱ्याच मॉडेलांत हेच, फक्त दहा सेकंदांत आणि सावकाश. फोर्डच्या काही गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबून वीस-पंचवीस सेकंद धरायचे, रिसेट चालू असल्याचा संदेश येतो, तो पूर्ण झाला असं म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. फसण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: पेडल तळाला टेकत नाही, कारण खाली जाडजूड रबरी मॅट असते. मॅट मागे सरकवा आणि पुन्हा करा.

बीएमडब्ल्यूत ट्रिपचं बटण साधारण दहा सेकंद धरलं की कामांची यादी उघडते: इंजिन ऑइल, पुढचे ब्रेक, ब्रेक फ्लुइड वगैरे. हवं त्यावर थांबून बटण धरायचं, 'रिसेट?' विचारलं की पुन्हा धरायचं. इथे दोन अडथळे येतात. काम अजून पुष्कळ लांब असेल तर गाडी रिसेट करूच देत नाही. लवकर ऑइल बदलणाऱ्यांची चिडचिड होते ती यावरून. आणि गाडीतली तारीख चुकलेली असेल, बॅटरी काढल्यावर हमखास चुकते, तर सगळी यादीच गोंधळते. आधी तारीख आणि वेळ लावा.

फोक्सवॅगनच्या कुटुंबातल्या गाड्यांबद्दल मॅन्युअलमध्ये एक वाक्य असतं, ते वाचायचं राहतं. गाडी लवचिक अंतराच्या योजनेवर असली तरी ऑइल सर्व्हिसचा रिसेट हाताने केला की ती ठरावीक अंतराच्या योजनेवर जाते. म्हणजे बटणाने दिवा जातो, पण ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत ताणणारा हिशोब जाऊन १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षाचा येतो. इंजिनाच्या दृष्टीने पाहिलं तर यात तोटा काही नाही, झाला तर फायदाच. पण ज्याला लवचिक योजना परत हवी त्याला टूल लागतं. इथून पुढे विकत घेण्याची गोष्ट सुरू होते.

स्वस्त डोंगल आणि साधं कोड रीडर

डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास, १६ खाचांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं. पण सक्ती होती ती प्रदूषणाशी संबंधित माहितीसाठी. सगळ्या कंपन्यांना समान असलेल्या आज्ञा म्हणजे चालू आकडे वाचणं, कोड वाचणं, कोड पुसणं अशा मोजक्या. ऑइलचा दिवा त्यांत नाही. तो प्रत्येक कंपनीने आपापल्या भाषेत, बहुधा मीटरच्या कंप्युटरमध्ये ठेवलेला असतो. म्हणून साधं कोड रीडर, मग ते नामांकित कंपनीचं का असेना, ऑटेलचं एएल३१९ घ्या, इंजिनाचे कोड छान वाचतं आणि ऑइलच्या दिव्यासमोर हात टेकतं. त्यात टूलचा दोष नाही. ते त्या कामासाठी बनलेलंच नाही.

नुकसान होतं ते यापुढे. दिवा जात नाही म्हणून माणूस 'कोड पुसा' दाबतो. दिवा तसाच राहतो, पण इंजिनाच्या कंप्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याची जी नोंद ठेवलेली असते ती पुसली जाते. ती पुन्हा भरायला वेगवेगळ्या प्रकारचं ड्रायव्हिंग लागतं, आणि तोवर उत्सर्जनाची चाचणी द्यायला गेलं की गाडी 'तयार नाही' म्हणून परत येते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ईएलएम३२७ नावाने विकली जाणारी निळी-काळी डोंगलं ही मुळात ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीच्या चिपची नक्कल. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र जोरात आहेत. डोंगल स्वतः काहीच जाणत नाही, ते फक्त दुभाषा आहे, शहाणपण ॲपमध्ये. तरीही दुभाषा कच्चा असेल तर ॲप हतबल होतं. 'आवृत्ती २.१' छापलेल्या अनेक नकलांमधून मूळ चिपच्या आज्ञाच गाळलेल्या असतात. चालू आकडे दिसतात, वेग दिसतो, आणि कंपनीच्या खास भाषेत लांब संदेश पाठवायची वेळ आली की उत्तर अर्धवट येतं किंवा येतच नाही. ऑइल रिसेटला नेमकं तेच लागतं. आणखी एक मर्यादा अस्सल चिपलाही आहे: जुन्या फोक्सवॅगन-ऑडींच्या मीटरची केडब्ल्यूपी १२८१ ही बोली तिला येत नाही. तिथे वेगळी केबलच हवी. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत काही कंप्युटर ३ आणि ११ नंबरच्या पिनांवरच्या दुसऱ्या, संथ जाळ्यावर बसलेले असतात. साध्या डोंगलच्या त्या पिना कुठेच जोडलेल्या नसतात. त्यासाठी दोन जाळ्यांमध्ये बदल करणारं डोंगल मिळतं, काहींना त्यासाठी चक्क छोटी कळ असते.

जोडताना अडणाऱ्या गोष्टी: ब्लूटूथचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००. साधं जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ असलेलं डोंगल आयफोनला चालत नाही. तिथे लो एनर्जीवालं किंवा वायफायवालं घ्यावं. वायफायवाल्याचा पत्ता सहसा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५०००, हे ॲपमध्ये स्वतः भरावं लागतं. वायफायची खोच अशी की फोन डोंगलला जोडला की इंटरनेटपासून तुटतो, आणि वर्गणी तपासायला इंटरनेट मागणारं ॲप ऐन वेळी दार लावून घेतं. आधी इंटरनेटवर ॲप उघडून लॉगिन करून ठेवा, मग डोंगल.

काम झालं की डोंगल काढा. सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी काढली तरी वीज चालूच. झोपी न जाणारं डोंगल ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच-तीन आठवड्यांत निम्म्यावर, तेही गाडीचा स्वतःचा खर्च धरलेला नसताना.

ॲप आणि केबल

चांगल्या डोंगलवर योग्य ॲप असेल तर चित्र बदलतं. फोर्ड आणि माझ्दासाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन कुटुंबासाठी ओबीडी-इलेव्हन किंवा रॉस-टेकचं व्हीसीडीएस (हे लॅपटॉपवर, त्यांच्याच केबलने चालतं), आणि बऱ्याच कंपन्यांची थोडी थोडी कामं करणारं कॅरिस्टा. ज्याच्याकडे एकाच कुटुंबातल्या गाड्या आहेत त्याने सर्वज्ञ टूलच्या मागे न लागता त्या कुटुंबाचं ॲप घ्यावं, हे मत ठाम आहे. सर्वज्ञ टूल तुमच्या गाडीला जितकं ओळखतं त्याच्या कितीतरी पट खोल ही ॲप्स जातात.

व्हीसीडीएसचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. पहिल्याच पानावर सर्व्हिस रिसेटचं बटण आहे. जुन्या मीटरांत हेच काम हाताने करायचं तर १७ नंबरच्या कंप्युटरमध्ये, म्हणजे मीटरमध्ये, जाऊन अडॅप्टेशनचं, म्हणजे साठवलेले आकडे बदलायचं, चॅनल २ उघडायचं, तिथला १ पुसून ० लिहायचा, तपासायचं, जतन करायचं. त्याच्या पुढे चॅनल ४० मध्ये शेवटच्या सर्व्हिसपासूनचं अंतर आणि ४१ मध्ये दिवस असतात, आणि खरी मजा इथे आहे. समजा ऑइल बदलून ३,००० किलोमीटर झाल्यावर लक्षात आलं की रिसेट राहिला. बटण फक्त शून्य करू शकतं, म्हणजे पुढचं ऑइल ३,००० किलोमीटर उशिरा. इथे मात्र झालेलं अंतर भरता येतं. फक्त आकडा शेकड्यांत: ३,००० साठी ३०. जो सरळ ३००० लिहितो त्याला एकतर नकार मिळतो, नाहीतर मीटर लगेच सर्व्हिस मागतो. लिहिण्याआधीचे आकडे कागदावर उतरवून ठेवणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त विमा.

हातातलं टूल

गॅरेजवाल्यांसाठी आणि घरात तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असणाऱ्यांसाठी हाच प्रकार सोयीचा. ऑटेलचं ओएलएस३०१ फक्त ऑइल आणि सर्व्हिसच्या दिव्यांसाठीच काढलेलं. लाँचचं सीआरपी१२९ई किंवा फॉक्सवेलचं एनटी६१४ यांत इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅगचे कोड वाचणं आणि त्याबरोबर ऑइल रिसेट, हँडब्रेक वगैरे. नुसत्या ऑइलच्या टूलपेक्षा दुसरा प्रकार घेणं शहाणपणाचं. वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या कामासाठी वेगळी वस्तू कप्प्यात पडून राहते. कोड वाचणारी मात्र कधी ना कधी बाहेर निघते.

वापर सरळ आहे. इग्निशन बंद ठेवून प्लग सरळ दाबायचा. तिरका घुसवला की सॉकेटची पिन मागे ढकलली जाते आणि मग टूलला वीज मिळते पण गाडी बोलत नाही. इग्निशन ऑन, इंजिन बंद. गाडीचा १७ अक्षरांचा नंबर टूल आपोआप वाचतं किंवा कंपनी, वर्ष, मॉडेल निवडावं लागतं. मग सर्व्हिस, मग ऑइल रिसेट. पुढच्या पानावर सहसा दोन रकाने: अंतर आणि दिवस. हे आकडे टूलने आपल्या मनाने भरलेले असतात. न बघता 'ओके' दाबणारे इथेच फसतात, कारण टूलला तुमचं ऑइल कोणत्या प्रतीचं ते माहीत नसतं. मॅन्युअलमधला आकडा भरा, आणि मीटर मैलांत आहे की किलोमीटरमध्ये तेही बघा. ऑइलचा प्रकार विचारला तर लवचिक योजनेसाठी मान्यता असलेलं ऑइल खरोखर भरलं असेल तरच तो पर्याय. मग इग्निशन बंद, मिनिटभर थांबून पुन्हा ऑन. मीटरवर नवा आकडा दिसला तर काम झालं. 'यशस्वी' हा टूलच्या स्क्रीनवरचा शब्द पुरावा नव्हे.

आता खोक्यावरच्या यादीची गोष्ट, जी कोणताही विक्रेता आपणहून सांगत नाही. 'इतक्या इतक्या गाड्यांवर ऑइल रिसेट' असं लिहिलेलं असतं, पण या मेन्यूत दोन जाती असतात: स्वयंचलित आणि हाताने. स्वयंचलित म्हणजे टूल खरोखर गाडीत लिहितं. 'हाताने' निवडलं की स्क्रीनवर उघडतं ते एक पान: इग्निशन बंद करा, ट्रिपचं बटण दाबून धरा, चावी ऑनवर न्या. म्हणजे मॅन्युअलमधलाच परिच्छेद, छोट्या अक्षरात. जपानी-कोरियन गाड्यांच्या यादीत हे प्रमाण मोठं. खोटं काही नाही, पण डोंगर पोखरून उंदीर. घेण्याआधी कंपनीच्या साइटवरच्या कव्हरेज तक्त्यात आपलं मॉडेल आणि वर्ष शोधून ऑइल रिसेटसमोर कोणती जात लिहिली आहे ते बघावं. असा तक्ताच न देणारी कंपनी टाळावी.

अपडेट किती वर्षं फुकट, हे दुसरं बघायचं. मुदत संपली तर बऱ्याच टूलमध्ये जुनं सगळं चालत राहतं, नव्या गाड्या येत नाहीत. काहींत मात्र खास कामंच बंद होतात.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको. इग्निशन ऑन ठेवून मेन्यू शोधत अर्धा तास गेला की दिवे, पंखा, मीटर मिळून बॅटरी उतरते. विश्रांतीतली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ऑन असताना १२ च्या खाली जायला लागली तर चार्जर लावा, नाहीतर काम पुढे ढकला. लिहिणं चालू असताना प्लग उपसू नका.

मेन्यूत ऑइल रिसेटच्या शेजारीच इलेक्ट्रिक हँडब्रेकचं काम असतं. ते निवडलं की मागच्या कॅलिपरच्या मोटारी फिरून ब्रेक सैल होतात. गाडी उतारावर, चाकांना अडण नाही आणि बोट एक ओळ खाली घसरलं, तर पुढचं सांगायला नको. चाकांना अडण लावूनच टूल हातात घ्या.

कुलूपबंद गाड्या आणि डिझेल

फियाट-क्रायस्लर गटाच्या २०१८ च्या आसपासपासूनच्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या कंप्युटरांच्या मध्ये सुरक्षेचं दार आहे. बाहेरचं टूल वाचू शकतं. पुसायला किंवा लिहायला गेलं की दार बंद. नोंदणी करून, खातं काढून, अधिकृत परवानगी असलेल्या टूलनेच ते उघडतं. फोक्सवॅगन गटाने गोल्फ ८ पासून असंच कुलूप आणलं. अशा गाडीवर 'संवाद अयशस्वी' आला तर टूल परत करण्याआधी स्क्रीनवरच्या मेन्यूत किंवा स्टिअरिंगच्या बटणांवर रिसेट आहे का बघा, बहुधा असतो.

टूलची खरी किंमत वसूल होते ती काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेलमध्ये. फिल्टर जाळून साफ करताना जास्तीचं डिझेल मारलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून इंजिनाचा कंप्युटर ऑइल किती पातळ झालं असेल याचा वेगळा हिशोब ठेवतो, आणि तो मीटरमधल्या सर्व्हिसच्या मोजणीहून निराळा. फियाटच्या अशा काही डिझेलांत हा हिशोब संपला की बुधलीचाच दिवा लुकलुकतो. मीटरमधला रिसेट केला तरी तो थांबत नाही. इंजिनाच्या कंप्युटरमधली ऑइलची नोंद शून्य करावी लागते, आणि तिथे टूल हवंच. माझ्दाच्या स्कायॲक्टिव्ह-डी इंजिनांच्या मॅन्युअलमध्येही ऑइल बदलल्यावर इंजिनाच्या कंप्युटरचा रिसेट वेगळा दिलेला आहे, तो मात्र बटणानेच होतो. टूलच्या मेन्यूत 'सर्व्हिस रिसेट' आणि 'ऑइल डायल्युशन' किंवा 'ऑइल बदलल्याची नोंद' असे दोन पर्याय दिसले तर ते एकाच कामाची दोन नावं नाहीत. दोन्ही करायचे. फक्त पहिला केला आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे जात असेल तर ते वाढलेलं ऑइल नाही, मिसळलेलं डिझेल आहे, आणि तेव्हा रिसेट नाही, ऑइल बदलायचं.